अँकोनाचे उतारू

1913 च्या जुलै महिन्यात अँकोना नावाची एक इटालियन आगबोट नेपल्सहून न्यूयॉर्कला पोचली. मराठी माणसाला तिचं नाव ठाऊक असतं ते बाबासाहेबांच्या चरित्रांमुळे. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेले, बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळालेले 22 वर्षांचे भीमराव आंबेडकर याच बोटीनं अमेरिकेला गेले. फेब्रुवारीत वडील वारले होते. 4 जूनला बडोदा सरकारशी करार झाला, त्यात शिक्षण संपल्यावर 10 वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. आणि पुढच्याच महिन्यात ते अटलांटिकच्या पलीकडे होते. चरित्रांत हा प्रवास एका वाक्यात उरकतो. बोटीचं नाव येतं आणि लगेच कोलंबिया विद्यापीठ सुरू होतं. ते साहजिकच आहे, चरित्राला पुढे जायचं असतं. मी मात्र ते वाक्य आलं की तिथंच रेंगाळते. त्या बोटीवर आणखी कोण कोण होतं, हे मला जाणून घ्यावंसं वाटतं.

अँकोना बेलफास्टच्या वर्कमन क्लार्क कंपनीनं बांधली आणि 1908 पासून ती इटली ते अमेरिका अशा फेऱ्या करू लागली. आठ हजार टनांहून थोडी मोठी, दोन धुराड्यांची, ताशी 16 सागरी मैल चालणारी बोट. त्या काळी गाजलेली मॉरेटानिया तिच्या जवळजवळ चौपट होती. अँकोनावर पहिल्या वर्गात जागा होती 60 जणांना. तिसऱ्या वर्गात 2,500 जणांना.

ही बोट कोणासाठी बांधली होती, ते या दोन आकड्यांत आहे. अटलांटिकवरच्या जुन्या बोटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात, वाद्यवृंद येतो, रेशमी झगे येतात. ते सगळं खरंच होतं, पण त्याचा खर्च बऱ्याच अंशी तळमजल्यावरची माणसं भरत होती. साधारण 30 डॉलरचं एकेक तिकीट, आणि तशी तिकिटं हजारोंनी. भूमध्य समुद्रातून निघणाऱ्या अँकोनासारख्या बोटींना तर झुंबरांचीही गरज नव्हती. त्यांचा सगळा व्यवहारच स्थलांतरितांवर चाले.

1913 हे वर्ष इटलीच्या इतिहासात लक्षात राहिलेलं आहे. त्या एका वर्षात पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसं देश सोडून बाहेर पडली. त्याआधी किंवा नंतर एका वर्षात इतकी कधीच गेली नाहीत. त्यांतली बरीचशी सिसिली, कॅलाब्रिया, बासिलिकाता अशा दक्षिणेकडच्या मुलखातली. जमीन मोठ्या जमीनदारांची, कसणारा रोजंदारीवर. डोंगर उघडे पडलेले, सखल भागात हिवताप. द्राक्षवेलींच्या मुळांना लागणाऱ्या किडीनं मळेच्या मळे उजाड केलेले. 1908 च्या डिसेंबरात मेसिनाचा भूकंप झाला, शहर जमीनदोस्त झालं आणि हजारो घरांना मागं राहण्याचं कारणच उरलं नाही. जाणारे बहुतेक तरुण पुरुष असत. बायकामुलं गावी, पैसे मनिऑर्डरीनं घरी, आणि मनात हिशेब एवढाच की तीनचार वर्षं राबायचं, कर्ज फेडायचं, तुकडाभर जमीन घ्यायची. निम्म्याच्या आसपास माणसं खरोखरच परतली. अमेरिकन लोक त्यांना प्रवासी पाखरं म्हणत. मला हे वाचताना आपला चाकरमानी आठवतो. कोकणातलं घर शाबूत ठेवण्यासाठीच ज्यानं गिरणगावात खोलीच्या भाड्यात वाटा उचलला, तोच हा माणूस, फक्त याच्या वाटेत समुद्र मोठा होता.

नेपल्सच्या धक्क्यावर या लोकांचा पहिला मुक्काम पडे. लस टोचून घ्यायची, गाठोडी वाफेनं निर्जंतुक करून घ्यायची, डॉक्टरांपुढे उभं राहायचं. 1901 साली इटलीनं स्थलांतरितांच्या रक्षणासाठी कायदा केला होता. तिकीट विकणाऱ्या दलालांना त्यानं वेसण घातली, बोटीवर माणशी किती जागा आणि किती अन्न हे ठरवून दिलं, आणि प्रत्येक बोटीवर सरकारचा एक माणूस नेमला, तो लष्करी डॉक्टर असे. गरीब शेतमजुराच्या बाजूनं बोलणारा एक अधिकारी समुद्रावर त्याच्यासोबत जातो, ही कल्पना मला फार मोठी वाटते. अंमलबजावणीत खाचखळगे होतेच, तरीही.

जेवणाची रीत अशी की सहा जणांचा एक गट. त्यातल्या एकाला प्रमुख करायचं. त्यानं भलंथोरलं पातेलं घेऊन स्वयंपाकघरापुढे रांगेत उभं राहायचं आणि आणलेलं सगळ्यांत वाटायचं. पाव, शेवयांचा रस्सा, कधी मांस, थोडी वाइन. टेबलं पुरत नसत, म्हणून डेकवर, जिन्यावर, दोरांच्या वेटोळ्यांवर बसून जेवणं होत. अनोळखी सहा माणसं दोन आठवडे एका पातेल्यात जेवत होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ज्या मुलखात कोणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची पायरी ठरते, तिथून आलेल्या तरुणाच्या आजूबाजूला हे चाललं होतं.

खालच्या मजल्याचं वर्णन करताना हात आखडतो, पण ते केलंच पाहिजे. लोखंडी चौकटींत एकावर एक अशी दोन फळ्यांची बिछान्यांची रांग. गादीत पेंढा किंवा वाळलेलं समुद्री गवत. उशी म्हणून बऱ्याचदा बुडताना अंगात घालायचं जॅकेटच. सामान ठेवायला वेगळी जागा नाही, म्हणून गाठोडं पायाशी. वादळ आलं की झडपा बंद, आणि मग शेकडो माणसांच्या ओकाऱ्यांचा, ओल्या लोकरीचा, इंजिनाच्या तेलाचा वास तसाच कोंडून राहायचा. हे कादंबरीकारांनी रंगवलेलं नाही. 1907 साली अमेरिकन काँग्रेसनं स्थलांतराच्या चौकशीसाठी आयोग नेमला, सेनेटर डिलिंगहॅम त्याचे अध्यक्ष होते. या आयोगानं आपली माणसं साध्या उतारूंच्या वेषात तिसऱ्या वर्गातून पाठवली. त्यांत ॲना हर्कनर नावाची एक बाई होती. बोहेमियातल्या शेतकरी बाईचा वेष करून ती त्या बिछान्यांवर झोपली. धुण्याभांड्यांना आणि तोंड धुवायला एकच खारं गार पाणी, हाताला लागेल ते चिकट, कपडे न बदलता काढलेल्या रात्री, आणि बायकांच्या भागात निर्लज्जपणे घुसणारे, अंगचटीला येणारे खलाशी. हे सगळं तिनं ठणकावून लिहिलं. आयोगाचा अहवाल 1911 साली 41 खंडांत निघाला. त्यातले कितीतरी खंड पुढे परदेशी माणसाला दाराबाहेर ठेवायच्या कामी आले. हर्कनरबाईंची पानं मात्र मला त्या अख्ख्या ढिगाऱ्यातली सर्वांत माणुसकीची वाटतात, कारण ती लिहिणारी स्वतः तिथे झोपली होती.

आता ज्या कागदासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

बोट सुटण्याआधी कंपनीच्या कारकुनाला उतारूंची यादी भरावी लागे. एका तावावर 30 नावं, आणि 1907 च्या कायद्यानंतर प्रत्येक नावापुढे समोरासमोरच्या दोन पानांवर 29 रकाने. नाव, वय, लग्न झालंय का, धंदा, वाचता येतं का, लिहिता येतं का, वंश, शेवटचं गाव. गावी मागं राहिलेला सर्वांत जवळचा नातलग कोण, त्याचा पत्ता काय. तिकिटाचे पैसे कोणी भरले. जवळ 50 डॉलर आहेत का, नसतील तर किती. आधी अमेरिकेत आला होतात का. कोणाकडे उतरणार. तुरुंगात होता का, धर्मादाय आश्रमात होता का. अनेक बायका आहेत का. अराजकवादी आहात का. उंची, वर्ण, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा.

यातला एक प्रश्न सापळा होता. अमेरिकेत काम आधीच ठरलेलं आहे का? आपल्याला वाटेल की हो म्हटलं तर अधिकारी खूश होईल, माणूस कोणावर ओझं होणार नाही. पण 1885 च्या कायद्यानं बाहेरून करार करून मजूर आणायला बंदी घातली होती, त्यामुळे हो म्हणणारा परत जाई. अंगात बळ आहे, काम मिळेलच, पण ठरलेलं मात्र काहीच नाही, असं म्हणायला गावोगावी पढवलं जायचं. ज्या माणसाच्या खिशात भावानं पाठवलेल्या पत्राची घडी होती आणि त्या पत्रात मुकादमाचं नाव होतं, त्यानं ते उत्तर देताना कसा आवंढा गिळला असेल.

कंपन्या ही यादी काटेकोरपणे भरत, त्याला कारण होतं. परत पाठवलेल्या माणसाला फुकट न्यायची जबाबदारी त्यांची. शिवाय बंदरातच ओळखू येण्याजोगा संसर्गजन्य रोग असलेला माणूस आणला तर माणशी 100 डॉलर दंड. म्हणजे हा कागद मुळात संशयापोटी जन्मलेला. प्रत्येक रकाना म्हणजे माणसाला अडवण्याचं एक निमित्त. आणि तरी आज त्या लाखो माणसांच्या हयातीचा हाच एक धड पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या याद्या आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मी त्या पुष्कळ पाहिल्या. कारकुनाच्या तिरक्या अक्षरात ओळीमागून ओळ मजूर, मजूर, मजूर. मग एखादी शिंपीण. एखादा न्हावी. मागच्या नातलगाच्या रकान्यात आईचं नाव फार वेळा असतं, बायकोचं तिच्याखालोखाल. गुप्तहेराच्या चिकाटीनं विचारलेल्या त्या प्रश्नांची उत्तरं आज वाचताना माया वाटायला लागते, कारण दुसऱ्या कोणी या माणसांना कधी काही विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली आणि त्यानंतर ती मनातून जात नाही. 29 रकान्यांत वंशाचा रकाना होता. त्या रकान्याचं वेड असं की उत्तरेकडचे इटालियन आणि दक्षिणेकडचे इटालियन हे दोन वेगळे वंश मानले जात, आणि दक्षिणेकडच्यांना हलकं लेखलं जाई. हिंदुस्थानातून आलेला माणूस शीख असो की मुसलमान, अमेरिकन वर्तमानपत्रं त्याला सरसकट हिंदू म्हणत. माणसांची प्रतवारी करण्याची हौस त्या कागदाला भरपूर होती. पण जात विचारणारा रकाना त्यात नव्हता. शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसवला गेलेला मुलगा आता बावीस वर्षांचा झाला होता, आणि ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावर तोवरचं त्याचं प्रत्येक दार उघडलं किंवा मिटलं होतं, तो प्रश्न विचारण्याचं या कागदाला सुचलेलंही नव्हतं.

बोटीवरही मजले होतेच. 1907 साली आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या छायाचित्रकारानं कैसर विल्हेल्म दुसरा या जर्मन बोटीवर घेतलेला एक फोटो जगभर माहीत आहे. तो पत्नी आणि मुलीसह पहिल्या वर्गानं युरोपला चालला होता. कठड्याशी येऊन त्यानं खाली पाहिलं तर तिसऱ्या वर्गाची माणसं डेकवर उभी, शाली पांघरलेल्या बायका, वाळत घातलेले कपडे, आणि मधून एक पांढरा चिंचोळा पूल. पुष्कळ जण समजतात की ही माणसं अमेरिकेला येताहेत. बोट उलट्या दिशेला चालली होती, ही परतणारी माणसं होती. त्या फोटोत पाहण्यासारखं आणखी काही आहे, ते म्हणजे जिना. वरच्या आणि खालच्या डेकला जोडणारा. त्याच्या तोंडाशी साखळी लावत, खालच्यानं वर यायचं नाही असा दंडक असे. पण जिना होता. तिकिटाचे पैसे जमले तर पुढच्या खेपेला तोच माणूस वरच्या डेकवरून जाऊ शकत होता, आणि काही जण गेलेही.

31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या मूकनायकच्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही; ज्या मजल्यात जन्मावं त्याच मजल्यात मरावं. ही उपमा त्यांना कुठे सुचली याचा दावा मी करत नाही. पण तोवर त्यांनी चारपाच वर्षं समुद्रापलीकडे काढली होती, आगबोटींचे मजले आणि जिने पाहिले होते. शिडी नसणं हाच मुद्दा त्यांनी उचलावा, हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी डेक येतात.

न्यूयॉर्कच्या बंदरात शिरण्याआधी बोट थांबवून डॉक्टर चढत. पहिल्या दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जागच्या जागी होई आणि ते थेट धक्क्यावर उतरत. तिसरा वर्ग पडावांत भरून एलिस बेटावर नेला जाई. कोटावर यादीच्या पानाचा आणि ओळीचा आकडा टाचलेला असे. जिने चढताना डॉक्टर धाप पाहत, पायांची चाल पाहत, संशय आला की खांद्यावर खडूनं अक्षर लिहीत. खुपरी या डोळ्यांच्या रोगासाठी पापण्या उलट्या करून बघत, त्याची सर्वांनाच धास्ती असे. शंभरांत सुमारे दोन माणसं परत पाठवली जात. तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली असं अजून सांगितलं जातं, पण नावं नेपल्सलाच लिहिलेली असत, इथे फक्त ताडून पाहत. आणि समोर बसलेला दुभाषी बऱ्याचदा स्वतःच स्थलांतरिताचा मुलगा असे. 1907 ते 1910 या काळात तिथे दुभाष्याचं काम करत रात्री कायदा शिकणारा फिओरेलो ला गार्डिया पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला.

अँकोना आणखी दोन वर्षं फेऱ्या करत राहिली. 8 नोव्हेंबर 1915 रोजी ती मेसिनाहून न्यूयॉर्कला निघालेली असताना सार्डिनियाच्या दक्षिणेला एका पाणबुडीनं तिच्यावर तोफा डागल्या आणि मग पाणतीर सोडून बुडवली. झेंडा ऑस्ट्रियाचा होता, पाणबुडी जर्मन. 200 हून अधिक माणसं गेली. बोटीवर स्थलांतरित होते, बायका होत्या, मुलं होती. यादी त्या वेळीही भरली गेली असणार, तेच 29 रकाने. 1917 साली बाबासाहेब लंडनहून परतताना त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती, तीही पाणबुडीनं बुडवली. ते स्वतः वेगळ्या बोटीवर होते म्हणून वाचले.

त्याच 1917 च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं नवा कायदा केला. सोळा वर्षांवरच्या बहुतेकांना स्वतःच्या भाषेतले तीसचाळीस शब्द वाचून दाखवणं भाग झालं. ही कल्पना जुनीच होती. 1913 च्याच फेब्रुवारीत असा एक कायदा काँग्रेसनं मंजूर केला होता आणि राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी तो नाकारला होता. त्यांचे मंत्री चार्ल्स नेगल यांनी कारण दिलं होतं की ही माणसं निरक्षर आहेत कारण त्यांना शिकण्याची संधीच नाकारली गेली, आणि त्याच संधीसाठी ती इकडे येतात. टॅफ्ट यांनी सही केली असती तर अँकोनाच्या त्या जुलैतल्या फेरीतली कितीतरी माणसं धक्क्यावरच राहिली असती. दक्षिण इटलीतून येणाऱ्या प्रौढांत निम्म्याहून अधिक निरक्षर होते. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीही हा कायदा नाकारला, पण काँग्रेसनं त्यांना न जुमानता तो आणला. त्याच कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा आखून हिंदुस्थानातल्या मजुरांनाही दार बंद केलं, विद्यार्थ्यांना तेवढी सवलत ठेवली. न वाचता येणारा सिसिलीचा शेतमजूर आणि हिंदुस्थानातला मजूर, दोघांना एकाच कागदानं अडवलं. अक्षराचा उपयोग चाळणीसारखा करणाऱ्या लोकांबद्दल मला राग येतो. ज्याला शिकू दिलं नाही त्यालाच तू शिकलेला का नाहीस असं विचारायचं, हे आपल्याकडे शतकानुशतकं चाललं आहे. ते तिकडेही चालावं याचं वाईट वाटतं.

नेगल यांचं म्हणणं किती खरं होतं, ते परतलेल्या माणसांनी दाखवून दिलं. अमेरिकेहून आलेल्या माणसाला बायकोची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली होती. घरी बायकोही त्याची पत्रं घेऊन पाद्र्याकडे किंवा मास्तराकडे जात होती, आणि मनातलं सगळं तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकत होती. पगाराचा हिशेब करता न आल्यानं मुकादमानं किती कापले ते कळत नव्हतं. दक्षिण इटलीतल्या शेतकऱ्यांची पाहणी करायला त्या काळी इटलीच्या संसदेनं समिती नेमली. परतलेले लोक पोरांना शाळेत घालताहेत, गावात शाळा नसेल तर मागताहेत, असं तिला ठिकठिकाणी दिसलं. काही वर्षांनी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये ग्रंथालय उघडण्याआधीच दाराशी जाऊन उभे राहत होते. आणि सिसिलीतल्या एखाद्या गावात, शाळा हवी म्हणून अर्जाखाली अंगठा उठवणारा माणूस त्याच वाटेनं जाऊन आलेला होता.